तालमीतून बातमीकडे

मुंबईत केनेडी ब्रिजजवळच्या एका खोलीत धोंडूताई कुलकर्णी गाणं शिकवत. जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम त्यांना भूर्जीखाँ आणि पुढे केसरबाई केरकर यांच्याकडून मिळालेली. दहा वर्षांची नमिता देवीदयाळ या खोलीत पोचली ती आईनं आणलं म्हणून. ती मोठी झाली, प्रिन्स्टनला शिकून आली, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रकार झाली. २००७ मध्ये तिचं ‘द म्युझिक रूम’ आलं. घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ, केसरबाई आणि धोंडूताई अशा तीन पिढ्यांची ती गोष्ट.

हे पुस्तक उभं राहिलं ते वर्षानुवर्षांच्या शिकवणीवर. बाहेरून मुलाखतीला आलेल्या बातमीदाराला तास-दोन तास मिळतात. शिष्येला गुरूचा रियाझ दिसतो, रागलोभ दिसतात, आठवणी पुन्हापुन्हा ऐकायला मिळतात. त्यातलं नेमकं काय सांगायचं, कशाचा छडा लावायचा, हे मात्र वृत्तपत्रातली नोकरीच शिकवते.

गाण्याचं वेड असलेल्या पुष्कळ तरुणांना वाटतं, मैफली ऐकायच्या आणि लिहायचं, बस्स! पण ‘मैफल छान रंगली’ एवढ्यानं वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. समीक्षक अंधारात मांडीवरच्या वहीत खरडत असतो: राग, ताल, बंदिशीचा मुखडा, तबल्याला कोण, पेटीवर कोण. बागेश्रीत गंधार कोमल, रागेश्रीत शुद्ध. हा फरक कानानं तिथल्या तिथे टिपला नाही, तर सकाळी चूक छापून येते आणि जाणकार वाचक ती विसरत नाहीत. साथीदारांची नावं गाळणं तर अन्यायच.

मराठीत असा तयार कान घेऊन लिहिणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून संगीतात आलेले केशवराव भोळे ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या नावानं गायकांवर लिहीत. याच भोळ्यांनी प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाला (१९३६) संगीत दिलं. स्वतः चाली बांधणारा माणूस दुसऱ्याच्या गाण्याबद्दल बोलतो, तेव्हा त्याला वजन असतं. वामनराव देशपांडे चार्टर्ड अकाउंटंट होते. मोगूबाई कुर्डीकरांकडेही ते शिकले आणि १९६१ मध्ये त्यांनी ‘घरंदाज गायकी’ लिहिलं. दिवसा हिशेब, संध्याकाळी गाणं!

पोटापाण्याचं गणित आजही फार वेगळं नाही. केवळ संगीतावर लिहिण्याची पगारी जागा क्वचितच मिळते. नव्या बातमीदाराला महापालिका, शाळा, पाऊसपाणी सगळंच करावं लागतं. पण ती मेहनत वाया जात नाही. देवीदयाळ यांचं विलायतखाँवरचं पुस्तक २०१८ मध्ये आलं. खाँसाहेब २००४ मध्येच गेलेले आणि वाद्य सतार, म्हणजे धोंडूताईंची तालीम इथे थेट कामाला येणारी नव्हती. इथे कामी आली ती बातमीदारी: खाँसाहेबांना जवळून पाहिलेली माणसं गाठायची, त्यांना बोलतं करायचं, एकाचं सांगणं दुसऱ्याशी ताडून पाहायचं.