हार्बर बंद, मेन लाइन चालू

रविवारी मुंबई लोकलच्या हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असला की रे रोड स्टेशन भर दुपारी ओस पडतं. उद्घोषणा ठरलेली: पनवेलहून येणाऱ्या विशेष गाड्या कुर्ल्यापर्यंतच, प्लॅटफॉर्म क्रमांक आठवर, हार्बरच्या प्रवाशांना सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मेन लाइनने आणि पश्चिम रेल्वेने जाण्याची मुभा. मोबाइलच्या जाळ्यात एक गेटवे बंद पडला की दुसऱ्याने त्याचा भार कसा उचलायचा, हे मला या उद्घोषणेने शिकवलं. पास तोच, मुक्काम तोच, वाट दुसरी. त्यातली मेखही इथेच कळते. कुर्ल्याचा माणूस जिना चढून उतरला की मेन लाइनवर येतो. रे रोडच्या माणसाला आधी भायखळा गाठावं लागतं, दारूखान्याच्या बाजूने आला असेल तर ती पायपीट आणखी लांब. पर्यायी वाट कागदावर दोघांनाही सारखीच आहे.

रे रोडपाशी वाट संपणं तसं जुनंच. 12 डिसेंबर 1910 रोजी कुर्ल्याहून हार्बर सुरू झाली तेव्हा रे रोड हे तिचं शेवटचं स्टेशन होतं. रूळ पुढे जातच नव्हते. मग डॉकयार्डकडून वरच्या पुलावरून मार्ग नेऊन हार्बर व्हीटीला जोडली आणि 3 फेब्रुवारी 1925 रोजी देशातली पहिली विजेची गाडी याच वाटेने कुर्ल्याला गेली.

आता फोनकडे येऊ. आपला फोन टॉवरशी बोलतो. 4जीत टॉवरकडून डेटा सर्व्हिंग गेटवेकडे जातो, तिथून पॅकेट गेटवेकडे, आणि हा दुसरा गेटवे म्हणजे इंटरनेटचा दरवाजा. फोनला इंटरनेटवरचा पत्ता इथूनच मिळतो, वापराची मोजणीही इथेच होते. 5जीत नावं आणि कामाची वाटणी बदलली, दरवाजा राहिलाच. अशा एका यंत्रामागे लाखो फोन असू शकतात, म्हणून ते एकटं ठेवत नाहीत.

जोड देण्याच्या दोन रीती आहेत. एकीत मुख्य यंत्राशेजारी, किंवा दुसऱ्या शहरात, तसंच यंत्र स्टँडबाय असतं आणि चालू जोडण्यांची नोंद सतत त्याच्याकडे उतरत राहते. मुख्य यंत्र पडलं की पत्ते उचलून ते कामाला लागतं. चहाच्या टपरीवर क्यूआर स्कॅन करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. दुसरी रीत स्वस्त. तीन-चार गेटवे मिळून काम करतात, एक पडला की त्याचे फोन उरलेल्यांकडे जातात. मात्र जुनी जोडणी तुटलेली असते. प्रत्येक फोनला नव्याने दार ठोठावावं लागतं.

दुसरा पडला हे ओळखायचं कसं, हा त्याहून अवघड प्रश्न. गेटवे एकमेकांना ‘आहेस का?’ असं विचारत असतात. मोबाइलच्या प्रमाणकात एका वाटेवर हा प्रश्न 60 सेकंदांत एकदाच विचारायची मर्यादा आहे, म्हणून राउटरांच्या पातळीवर याहून कितीतरी वेगवान नाडीपरीक्षा ठेवतात. पण जोडीतल्या दोघांमधलीच तार तुटली आणि दोघेही धडधाकट असले तर? प्रत्येकाला वाटतं दुसरा गेला. दोघेही मालक होतात, एकाच पत्त्यावर हक्क सांगतात. एक मेलेला गेटवे परवडला, हे दोन मालक परवडत नाहीत.

मग गर्दी. दोन्ही गेटवे 70 टक्के भरलेले असतील तर एक पडल्यावर दुसऱ्यावर 140 टक्के येतात. मेन लाइनच्या डब्यात हार्बरचेही चढले की काय होतं, ते मुंबईकराला सांगायला नको. जपानमध्ये 2 जुलै 2022 च्या पहाटे केडीडीआय कंपनीत राउटर बदलताना वाट चुकली आणि काही मिनिटं आवाजाची सेवा अडली. काम मागे घेतलं, पण तोवर कोट्यवधी फोन नव्याने नोंदणी मागू लागले होते. त्या लोंढ्यानेच पुढची यंत्रं गुदमरली. सेवा सावरायला 61 तासांहून अधिक लागले.

जुळ्या यंत्रांना आजारही जुळा होतो, याचा दाखला 6 डिसेंबर 2018 चा. ब्रिटनच्या ओटू कंपनीच्या जाळ्यावरच्या सव्वातीन कोटींच्या आसपास ग्राहकांचा डेटा गेला, त्याच दिवशी जपानची सॉफ्टबँकही कोलमडली. कारण दोघांकडेही चालणाऱ्या एरिक्सन कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. एकच सॉफ्टवेअर चालवणारी यंत्रं दहा असली तरी त्यांची तारीख एकच. मला ही सगळ्यात भीतीदायक घटना वाटते, कारण यात कुणी केबल तोडली नव्हती, कुठलं यंत्र जळालं नव्हतं.

जोड ऐनवेळी कामी न येणं मुंबईलाही नवं नाही. बाहेरचं ग्रिड पडलं तर शहर वेगळं काढून इथल्याच विजेवर चालवायची आयलँडिंगची सोय 1981 पासून आहे. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी ग्रिड कोसळलं तेव्हा ती टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या, टॉवर बॅटरी आणि डिझेलवर आले. खबरदारी म्हणून दोन कंपन्यांची सिम बाळगणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की अनेक ठिकाणी त्या दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवर, एकाच बॅटरीवर असतात. 5 फेब्रुवारी 2022 च्या शनिवारी मुंबई परिमंडळात जिओची सेवा कित्येक तास बंद होती. कंपनीने ग्राहकांना दोन दिवसांची मुदतवाढ दिली.

दूरसंचार नियामक ट्रायने ऑगस्ट 2024 मध्ये नवे नियम केले. जिल्ह्यात सेवा चार तासांहून जास्त बंद पडली तर कंपनीने ट्रायला कळवायचं, 24 तासांहून जास्त बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई द्यायची. स्वागतच आहे. पण हे सगळं पडल्यानंतरचं. रेल्वे रविवारी दिवसाढवळ्या, आधी सांगून मार्ग बंद करते, आणि त्यामुळे हार्बरची माणसं मेन लाइनवर गेली की कुठे तुंबतात हे तिला ठाऊक असतं. प्रत्येक मोबाइल कंपनीनेही वर्षातून निदान एकदा चालू गेटवे जाणूनबुजून बंद करावा. तो किती वाजता केला, जोडीदाराने किती सेकंदांत भार घेतला, किती फोन तुटले, हे तीन आकडे मुंबई परिमंडळासाठी छापावेत. रे रोडच्या टपरीवाल्याला सिम निवडताना तेवढे पुरतील.