पुठ्ठ्याचा हूड, टी-शर्टची बाही

लखनौच्या रूमी दरवाजासमोर भर दुपारी लार्ज फॉरमॅट कॅमेरा लावलात, तर मागच्या दुधी काचेवर दरवाजा उलटा दिसतो. तोही पुसट, कारण उन्हात काच पांढरी पडते. फोकस चुकला की महागडी फिल्म वाया! 1874 च्या ‘द लखनौ अल्बम’मध्ये याच शहराचे 50 फोटो आहेत, दारोगा अब्बास अलींचे. तेव्हाचे फोटोग्राफर डोक्यावर काळं कापड घेत.

तुम्ही घरीच हूड करा. काचेच्या चौकटीच्या मापाने काळ्या पुठ्ठ्याच्या चार बाजू कापा, 15 सेंटीमीटर उंच. काळ्या टेपने जोडा. आतून मखमल चिकटवा. चकचकीत कागद नकोच, तो उजेड परतवतो. मोकळ्या तोंडाला जुन्या काळ्या टी-शर्टची बाही ताणून बसवा. थंडीत मात्र श्वास जपून, काचेवर वाफ धरते.