जोड आणि शिडी : जालावरील खेळांतील श्रेणीव्यवस्थेची उपपत्ती

मराठवाड्यात गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचा फड भरतो, आणि घनसावंगीचा परिसर त्यास अपवाद नाही. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात असल्यामुळे तालीम आणि मारुती यांचे नाते या मुलखास नव्याने सांगावे लागत नाही. फडाची सुरुवात लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते. मग इनामाची रक्कम चढत जाते आणि सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती अखेरीस लागते. या व्यवहारात पंचांचे खरे कसब निकाल देण्यात नसून जोड लावण्यात असते. दोन गड्यांची उंची, अंगलोट, वय आणि कोणत्या वस्तादाच्या हाताखाली ते तयार झाले याची वार्ता, एवढ्या सामग्रीवर पंच आपला अंदाज बांधतात. जोड विजोड दिसली तर भोवतालचा जमाव तत्काळ ओरडतो आणि ती फोडून दुसरी लावावी लागते.

त्याच गावांतील तरुण आज मोबाइलवर जे स्पर्धात्मक खेळ खेळतात, त्यांतही जोड लावली जाते. मात्र ती लावणारा पंच म्हणजे संगणकातील एक गणितसूत्र होय. जुलै २०२१ मध्ये भारतात आलेल्या 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या खेळात ब्राँझपासून कॉन्कररपर्यंत पायऱ्या आहेत, आणि खेळाडू आपली योग्यता या पायरीवरून मोजतो. ही मोजणी कितपत विश्वसनीय आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय. त्याचे उत्तर मिळण्यास जोड लावण्याचे काम आणि शिडी चढविण्याचे काम ही दोन भिन्न कामे आहेत, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

पहिल्या कामाची उपपत्ती बुद्धिबळातून आली. अमेरिकेतील मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक असलेल्या अर्पाद एलो यांनी सिद्ध केलेली गुणांकनपद्धती तेथील बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तिचे गृहीतक असे की, प्रत्येक खेळाडूच्या ठायी एक स्थिर बल असते आणि त्याची एखाद्या दिवसाची कामगिरी त्या बलाभोवती कमीअधिक डोलत असते. दोघांच्या गुणांकनांतील अंतर कळले की निकालाची संभाव्यता सांगता येते. अंतर २०० असेल तर वरचढ खेळाडूने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, आणि ४०० असेल तर सुमारे ९१, अशी अपेक्षा असते.

प्रत्येक डावानंतर प्रत्यक्ष निकाल व अपेक्षा यांतील फरकास एका ठरावीक गुणकाने गुणून गुणांकनात बदल करतात. समजा, १६०० आणि १४०० गुणांकनाचे दोन खेळाडू आहेत व गुणक २० आहे. पहिला जिंकल्यास त्यास ४.८ गुण मिळतील. हरल्यास मात्र १५.२ गुण जातील. शंभर डावांत तो ७६ जिंकून २४ हरला, तर मिळालेले आणि गेलेले गुण सारखेच, म्हणजे ३६४.८ भरतात, आणि तो होता तेथेच राहतो. या पद्धतीचा खरा गुण हाच आहे. नुसते अधिक खेळल्याने येथे कोणी वर जात नाही. अपेक्षेहून सरस खेळल्यानेच जातो.

तथापि नवागताविषयी आपणांस काहीच माहीत नसते, आणि एलो यांच्या मूळ सूत्रात या अज्ञानाला जागा नव्हती. मार्क ग्लिकमन यांनी १९९५ च्या सुमारास आपल्या 'ग्लिको' पद्धतीत गुणांकनाबरोबर त्याच्या अनिश्चिततेचाही अंक ठेवला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'ट्रूस्किल' ही पद्धती रचली. तिच्यात संघांचा आणि दोहोंहून अधिक स्पर्धकांच्या सामन्यांचाही विचार आहे. तिच्यात नवागताचे अनुमानित बल २५ आणि अनिश्चितता २५ च्या एकतृतीयांश, म्हणजे सुमारे ८.३३ धरली जाते. यादीत दाखविण्याचा अंक मात्र अनुमानित बलातून अनिश्चिततेची तिप्पट वजा करून काढतात. म्हणून आरंभी तो शून्य असतो.

येथे किंचित थांबावयास हवे. समजा, एक खेळाडू पहिल्या दिवसापासून सर्वसाधारण बलाचाच आहे आणि तसाच राहिला. डाव वाढत जातात तशी त्याच्याविषयीची अनिश्चितता घटते, आणि दिसणारा अंक शून्यापासून वर सरकू लागतो. खेळाडूला वाटते, आपण प्रगती केली. वस्तुतः त्याचे बल होते तेवढेच आहे. कमी झाले ते यंत्राचे अज्ञान. हा दोष नव्हे. अंदाज बांधताना सावधगिरी बाळगणे शास्त्रास धरूनच आहे. परंतु चढता अंक आणि चढते कौशल्य या एकच गोष्टी नव्हेत, हे येथेच प्रथम दिसते.

शिडीच्या बाबतीत हे अंतर फारच वाढते. पुष्कळ खेळांत जोड लावण्यासाठी वापरलेला अंक खेळाडूपासून गुप्त ठेवलेला असतो आणि त्याच्यापुढे येते ती केवळ पायरी. एखाद्या शिडीवर विजयास २० गुण मिळतात आणि पराभवास १५ जातात असे मानू. जोड उत्तम लागत असेल तर खेळाडू निम्मे डाव जिंकेल. ती उत्तम असण्याचा अर्थच तो आहे. मग शंभर डावांनंतर त्याच्या खाती २५० गुण जमतात, हजार डावांनंतर २५००. अशी शिडी बलापेक्षा सवड अधिक मोजते. दिवसभर शेतात राबून रात्री दोन डाव खेळणारा आणि दहा डाव खेळण्याची मोकळीक असणारा, असे समान बलाचे दोघे वेगवेगळ्या पायऱ्यांवर दिसतील, आणि खालचा स्वतःस कमी लेखील. त्यात हंगाम संपताच सर्वांस काही पायऱ्या खाली उतरविण्याची प्रथा असते. म्हणजे चढाई पुन्हा आरंभापासून.

जोड लावण्यातही शुद्ध गणित पुरे पडत नाही. समबल प्रतिस्पर्धी शोधावा तर वाट पाहावी लागते. लवकर खेळ सुरू करावा तर विषम जोड पत्करावी लागते. म्हणून बहुतेक व्यवस्था आरंभी अरुंद मर्यादेत शोध घेतात आणि क्षणाक्षणाला ती मर्यादा रुंदावत नेतात. शिवाय संदेश जाऊन परत येण्यास लागणारा विलंब सांभाळण्यासाठी शक्यतो जवळच्या केंद्रावरील खेळाडूच एकत्र आणावे लागतात. उत्तररात्री खेळाडू थोडे उरतात तेव्हा जोडी सैल होतात, हे ओघानेच आले.

याहून गंभीर प्रश्न हेतूचा आहे. २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीच्या संशोधकांचा सहभाग असलेला एक निबंध प्रसिद्ध झाला. समबल जोड हीच खेळाडूस खेळात टिकवून ठेवणारी जोड असते, हे गृहीतक त्यात नाकारले आहे. अलीकडच्या डावांतील जयपराजयांच्या क्रमावरून खेळाडू खेळ सोडून जाण्याचा संभव किती हे अजमावून, तो संभव कमीत कमी राहील अशा रीतीने जोडी लावता येतील, असे त्यात मांडले आहे. त्याच वर्षी अॅक्टिव्हिजन या कंपनीस खेळातील वस्तूंच्या खरेदीस उत्तेजन मिळेल अशी जोड लावण्याच्या रीतीचे पेटंट मिळाले. कंपनीने ती प्रत्यक्षात वापरली नसल्याचे सांगितले. वापर झाला असो वा नसो, जोड लावणारा पंच समतोलाखेरीज अन्य उद्दिष्टही बाळगू शकतो, एवढे या दोन लेखांवरून निश्चित होते.

बुद्धिबळाची व्यवस्था या दृष्टीने निराळी आहे. तेथे सूत्र जाहीर आहे आणि दुरुस्तीही जाहीरपणे होते. झपाट्याने सुधारणाऱ्या मुलांची गुणांकने खऱ्या बलाच्या मागे रेंगाळतात आणि त्यांच्याशी हरणाऱ्यांचे गुण त्यामुळे अकारण घटतात. १ मार्च २०२४ रोजी जागतिक संघटनेने २००० च्या खालील प्रत्येकाच्या गुणांकनात, २००० पर्यंतच्या अंतराच्या दोनपंचमांश इतकी वाढ केली, ती खालच्या गुणांकनांतील अशी घसरण सावरण्यासाठी. नागपूरच्या दिव्या देशमुख यांना २०२५ च्या महिला विश्वचषकात पंधरावे मानांकन होते आणि त्यांनी तो चषक जिंकला. हा निकाल मानांकनाशी ताडून पाहता येतो, तो त्यामागील आकडे सर्वांसमोर असतात म्हणूनच. जालावरील खेळात फडाभोवतीचा तो जमावच नसतो; खेळाडूस प्रतिस्पर्ध्याचे नाव दिसते, पण तोच का निवडला गेला हे दिसत नाही.

तरीही बाहेरून काही तपासणी शक्य आहे. एका खेळाडूच्या डावांचे निकाल क्रमवार नोंदले आणि लागोपाठ तीन पराभवांनंतरच्या डावातील विजयाचे प्रमाण काढले, तर शुद्ध गुणांकनावर चालणाऱ्या दोघांच्या खेळात ते एकंदर प्रमाणाहून किंचितच वर असावयास हवे. कारण तीन पराभवांनी गुप्त अंक थोडाच खाली येतो. ते पुष्कळ वर आढळल्यास अन्य उद्दिष्टाची शंका घेण्यास जागा राहते. उलट दिशेने थकवा व चीड काम करीत असतात. त्यांचा परिणाम वेगळा काढण्यासाठी दोन डावांमधील अवकाश नोंदणे अवश्य आहे. खालच्या पायऱ्यांवर काही खेळांत संगणकचालित प्रतिस्पर्धी मिसळलेले असतात, तेव्हा ते डाव गणनेतून वगळावे लागतील. रात्रीच्या डावांची वेळही टिपावी, म्हणजे खेळाडूंच्या तुटवड्यामुळे विजोड लागलेली जोड हेतुपूर्वक लावलेली ठरणार नाही.