शेवटची जागा

पंगतीत कोणी कोठे बसावे हा प्रश्न केवळ आपल्याच समाजाला पडलेला नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू शब्बाथ दिवशी एका प्रमुख परुश्याच्या घरी जेवावयास गेले आहेत. आमंत्रित मंडळी मानाच्या जागा कशा हेरीत आहेत हे पाहून ते सांगतात की, लग्नाच्या मेजवानीत एकदम वरच्या जागी बसू नये; अधिक थोर पाहुणा आला तर सर्वांदेखत उठावे लागेल. शेवटी बसणाऱ्याला यजमान स्वतःच वर बोलावील. हा विचार ऐकणाऱ्यांना नवा नव्हता. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात राजदरबाराविषयी असाच उपदेश आहे.

वरवर पाहता हा व्यवहारचातुर्याचा धडा वाटतो. मागच्या खुर्चीवर जाऊन बसावयाचे आणि डोळा मात्र व्यासपीठाकडे लावावयाचा, असे विनयशील गृहस्थ शाळांच्या बक्षीससमारंभांत मी पुष्कळ पाहिले आहेत! परंतु येशूंनी ही पळवाट लागलीच बंद केली. ते यजमानाकडे वळले आणि परतफेडीचे आमंत्रण देऊ शकणाऱ्यांना नव्हे, तर गरीब, लंगडे, आंधळे अशांना बोलावण्यास त्यांनी सांगितले. म्हणजे नम्रता ही पाहुण्याने करावयाची युक्ती राहिली नाही. यजमानाने कोणाला मान द्यावा, हाच प्रश्न पुढे आला.

ग्रीक भाषेत नम्रतेसाठी जो शब्द संत पौल वापरतो, त्याच्या मुळाशी ‘खालचा, हीन’ असा अर्थ आहे, आणि त्या काळच्या ग्रीक जगात तो बहुधा तुच्छतेनेच वापरीत. पौलाने तुरुंगातून ज्या फिलिप्पैकरांना पत्र लिहिले, त्यांचे नगर रोमन वसाहत होते. तेथे नागरिकत्वाचा व दर्जाचा अभिमान मोठा. अशांना तो सांगतो की, दुसऱ्याला आपल्याहून श्रेष्ठ माना. रोमकरांस लिहिताना तर आदर करण्याच्या कामी त्याने जणू चढाओढच लावून दिली आहे. तेथे ‘आदर’ या अर्थी आलेल्या ग्रीक शब्दाचा दुसरा अर्थ ‘किंमत’ असा आहे. आदर करणे म्हणजे गोड बोलणे नव्हे, समोरच्या माणसाची किंमत ओळखणे होय.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नम्रतेचा उपदेश पुष्कळदा खाली बसलेल्यांनाच ऐकविला जातो. शास्त्रात त्याचा रोख उलट आहे. याकोबाच्या पत्रात, सोन्याची अंगठी घातलेल्यास चांगली जागा आणि मळक्या वस्त्रांतील गरिबास पायांशी जागा देणाऱ्या मंडळीचीच कानउघाडणी केली आहे.

योहानाच्या तेराव्या अध्यायात तर हे डोळ्यांपुढे उभे राहते. धुळीच्या वाटा, पायांत वहाणा, म्हणून पाहुण्याचे पाय धुणे आवश्यक. आणि ते काम चाकराचे. सर्व काही पित्याने आपल्या हाती दिले आहे, हे जाणून येशू भोजनावरून उठले, त्यांनी कमरेला रुमाल गुंडाळला, गंगाळात पाणी ओतले. हा क्रम ध्यानात घ्यावा. हा न्यूनगंड नव्हे. आपले थोरपण पूर्ण ठाऊक असलेला पुरुष वाकला आहे. पेत्राला ते सोसवेना. त्याने आधी पाय पुढे करण्यास नकार दिला. दुसऱ्याकडून सेवा घेण्यासही नम्रता लागते, हे त्याला तेथे शिकावे लागले. विश्वासघात करणारा यहूदाही अजून तेथेच होता. तो उठून गेला तो नंतर.

पवित्र गुरुवारी हा विधी आजही होतो. बाराव्या पायस पोपमहाशयांनी 1955 च्या सुधारणेत त्याला सायंकाळच्या मिस्सेत स्थान दिले. 2013 साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधील अल्पवयीनांच्या तुरुंगात जाऊन बंदिवानांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. नियमात तेव्हा पुरुषांचाच उल्लेख होता. 2016 साली तो बदलण्यात आला. आमच्याकडे मात्र त्या बारा खुर्च्यांसाठी कोठे कोठे अद्याप गावच्या प्रतिष्ठितांचीच नावे आधी सुचविली जातात.