तबकडीचे यंत्र : सुधारणा कोठून सुरू करावी?

पुण्यातील पेठांमध्ये आणि नंतर वसलेल्या सोसायट्यांमध्ये कित्येक कुटुंबांनी जुन्या ध्वनिमुद्रिका आजही जपून ठेवल्या आहेत. हिराबाई बडोदेकर, वसंतराव देशपांडे आणि भीमसेन जोशी यांच्या शहरात हे स्वाभाविकच आहे. आजोबांनी जमवलेल्या तबकड्या नातवंडांना ऐकवाव्यात म्हणून जुना रेकॉर्डप्लेअर बाहेर निघतो, त्याचा थकलेला आवाज कानी पडतो आणि नवे टर्नटेबल, नवा टोनआर्म घेण्याचा विचार सुरू होतो. येथे घाई महागात पडते, आणि ती केवळ पैशाच्या दृष्टीने नव्हे. झिजलेली सुई किंवा चुकीच्या भाराने टेकलेला टोनआर्म खाचेच्या भिंती खरवडत जातो. एकदा खरवडलेली खाच पूर्ववत करणारा उपाय नाही.

म्हणून खर्चाची कमाल मर्यादा दुकानात जाण्यापूर्वीच ठरवावी. परिग्रह-परिमाण व्रताची शिकवण तीच आहे : मर्यादा आधी, वस्तू नंतर. मर्यादा ठरली की प्रश्न उरतो तो क्रमाचा.

टर्नटेबलची कामे मुख्यतः दोन. तबकडी अचूक गतीने फिरवणे आणि मोटारीचा कंप सुईपर्यंत पोहोचू न देणे. टोनआर्म म्हणजे सुई बसवलेले कार्ट्रिज धरणारा दांडा. तो सुईला खाचेत योग्य भाराने व योग्य कोनात ठेवतो. या साखळीत सर्वांत लवकर झिजते ती सुई. हिऱ्याच्या सुईचे आयुष्य साधारण ५०० ते १००० तासांचे मानतात. रोज एक तास ऐकणाऱ्या घरात ते दीड ते पावणेतीन वर्षांत संपते. तेव्हा पहिला खर्च सुईवर किंवा कार्ट्रिजवर करावा. त्यासोबत बेल्ट बदलावा, यंत्र पाणसळीने समतल करावे, कार्ट्रिजचा कोन कागदी प्रोट्रॅक्टरवर तपासावा आणि सुईचा भार छोट्या डिजिटल काट्यावर मोजावा. आजच्या बहुतेक कार्ट्रिजांना दीड ते दोन ग्रॅम भार पुरतो. यंत्र मुळात चांगले असेल, तर एवढ्यावरच नव्या खरेदीची गरज पुष्कळदा उरत नाही.

जुन्या पेटीवजा प्लेअरमध्ये मात्र भार कमी करण्याची सोयच नसते. तेथे संपूर्ण टर्नटेबल बदलणे योग्य. केवळ टोनआर्म वेगळा विकत घेण्याचा मोह मध्यम खर्चात टाळावा, कारण चांगल्या सुट्या टोनआर्मची किंमत बहुधा एका पूर्ण मध्यम टर्नटेबलच्या घरात जाते. इंग्लंडच्या रेगा कंपनीने १९८३ साली ‘आरबी ३००’ हा एकसंध ओतीव नळीचा टोनआर्म आणला. त्याच परंपरेतले टोनआर्म आज तिच्या टर्नटेबलसोबतच मिळतात.

टोनआर्म आणि कार्ट्रिज यांची जोडी जुळणेही महत्त्वाचे. टोनआर्मचे परिणामी वस्तुमान ११ ग्रॅम, कार्ट्रिज ६ ग्रॅम आणि स्क्रू १ ग्रॅम धरले, तर एकूण १८ होतात. कार्ट्रिजची लवचिकता, म्हणजे कॉम्प्लायन्स, १८ असेल, तर दोहोंचा गुणाकार ३२४ आणि त्याचे वर्गमूळ १८. १५९ ला १८ ने भागले की सुमारे ८.८ हर्ट्झ ही अनुनादाची वारंवारता मिळते. ती ८ ते १२ च्या दरम्यान असावी. त्याहून कमी असेल तर वाकलेल्या तबकडीवर सुई डळमळते; अधिक असेल तर खर्जाचा आवाज बिघडतो.

जुन्या बाजारात किंवा परदेशातून आलेले यंत्र घेताना त्याच्या मागची पट्टी वाचावी. काही बेल्टच्या यंत्रांत मोटारीची गती विजेच्या वारंवारतेवर ठरते. ६० हर्ट्झसाठी घडवलेले असे यंत्र आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे घेते. काळी चारचा षड्ज मग पांढरी चारवर उतरतो! व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर हा दोष दूर करू शकत नाही.

घरात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील, तर निवड आणखी स्पष्ट होते. रेगाची नेहमीची टर्नटेबले ३३⅓ आणि ४५ या गतींचीच असतात. ऑडिओ-टेक्निकाच्या ‘एलपी १२०’ मध्ये ७८ ची गती आहे आणि कार्ट्रिजचा पुढचा भाग सहज बदलता येतो. ही सोय आवश्यक आहे, कारण ७८ च्या रुंद खाचेला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते, तर एलपीला सुमारे १८ मायक्रॉनची. त्या जुन्या तबकड्या लाखेच्या आहेत. उपासकदशांगात श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या १५ कर्मादानांत लाक्षावाणिज्य येते, हे जाणकार वाचकांना ठाऊकच आहे. नंतरच्या एलपी मात्र व्हिनाइलच्या, म्हणजे कृत्रिम प्लास्टिकच्या. फिरत्या थाळीवर अंथरण्यासाठी चामड्याची चकती टाळून बुचाची किंवा रबराची घेता येते.

शेवटची सुधारणा जवळजवळ फुकट आहे. वाड्याच्या माडीवर लाकडी तक्तपोशीवरून कोणी चालले की सुई उडी मारते. यंत्र भिंतीत पक्क्या बसवलेल्या फळीवर ठेवले की हा त्रास बराच थांबतो. पावसाळ्यात तबकड्या उभ्या आणि ओलाव्यापासून दूर ठेवाव्यात, म्हणजे बुरशी धरत नाही. एवढे करून ठरवलेल्या मर्यादेत काही रक्कम उरली, तर ती पुढच्या सुईसाठी राखावी. नवे यंत्र घरात आले, तर जुने दुरुस्त करून गरजू रसिकाला द्यावे. दोन यंत्रे घरात राहिली, तर त्यांपैकी एक पुन्हा कपाटातच जाते.