डेब्ट, डेट आणि आमचं मूल

मी मूलवरून बोलतोय. मूल म्हणजे लेकरू नाही, चंद्रपूर जिल्ह्यातलं आमचं गाव. मोबाइलच्या नकाशातली बाई मात्र त्याला ‘मल’ म्हणते. स्पेलिंग एम-यू-एल. तिचा तरी काय दोष? बी-यू-टी ‘बट’ आणि पी-यू-टी ‘पुट’, हे आपण शाळेपासून सोसतोय.

आजचा विषय इंग्रजी उच्चार. तो माझ्या अंगाशी आलेला आहे, म्हणून निवडला.

बी.कॉम. झाल्यावर नागपूरला एका ऑफिसात मुलाखतीला गेलो. हिशेबाचं काम होतं. बोलता बोलता मी दोनदा ‘डेब्ट’ म्हणालो, चांगला ठणठणीत ब लावून. समोरचे साहेब हसून म्हणाले, ‘‘डेट.’’ मला वाटलं, तारीख विचारताहेत. म्हटलं, ‘‘सर, चौदा.’’ मग बाजूच्या मॅडमही हसल्या. नोकरी काही लागली नाही. पण खरं नुकसान पुढे झालं. वर्षभर चारचौघांत मी इंग्रजीचा एक शब्द काढला नाही.

खूप नंतर कळलं, की त्या शब्दात आधी बी नव्हताच. तो फ्रेंचमधून आला, बीशिवाय. पुढे लॅटिन शिकलेल्या पंडितांना वाटलं, मूळ शब्द ‘डेबिटम’ आहे तर बी दिसायला पाहिजे. त्यांनी तो लिहायला लावला, लोक मात्र जुनंच बोलत राहिले. ‘रिसीट’मधला पी तसाच घुसलेला. ‘आयलंड’मधल्या एसची तर कमालच. तो शब्द जुन्या इंग्रजीतला, लॅटिनशी त्याचं नातंच नाही. गैरसमजातून एस चिकटला आणि राहिला.

आपली सवय अशी, की लिहिलंय ते वाचायचं. अर्थात मराठीही इतकी सोवळी नाही. ‘पाण्याचा जग’ आणि ‘सारं जग’ मोठ्याने म्हणून बघा. अक्षरं तीच, ज वेगळा. परक्या माणसाला हे कोण सांगणार?

आणि गोऱ्यांचं तरी एकमत कुठे आहे? बीबीसीने 1926 साली खास समिती नेमली. निवेदकांनी वादाचे शब्द कसे उच्चारायचे, ते ठरवायला. पहिले अध्यक्ष कवी रॉबर्ट ब्रिजेस, नंतर बर्नार्ड शॉ, ते तर आयर्लंडचे. विद्वान माणसं बसून एकेका शब्दावर वाद घालायची. ‘शेड्यूल’ की ‘स्केज्युल’? ब्रिटनमध्ये पहिलं, अमेरिकेत दुसरं. ‘ऑफन’ की ‘ऑफ्टन’? दोन्ही चालतात. ‘डेटा’, ‘डॅटा’, ‘डाटा’ तिन्ही शब्दकोशात सापडतील. यावरून कुणी तुम्हाला हसलं तर खुशाल शब्दकोश पुढे करा.

मग चूक कशाला म्हणायचं? माझं मत सांगतो. समोरच्याला कळलं नाही किंवा भलतंच कळलं, तर ती सुधारायची.

आपल्याकडे दोन जागा सांभाळाव्या लागतात. एक, झाडीबोलीतला स. आपण पाणीला ‘पानी’ म्हणतो, तसंच श चा स करतो. ही चूक नाही, बोलीचा नियम आहे, घरी बिनधास्त बोला. पण इंग्रजीत ‘शेव्ह’ म्हणायला गेलो आणि ‘सेव्ह’ निघालं, तर अर्थच बदलतो. दोन, जोर. आपण सगळ्या अक्षरांवर सारखाच जोर देतो. इंग्रजीत तो एका जागी बसतो आणि जागाही बदलतो. ‘फोटोग्राफ’मध्ये सुरुवातीला, ‘फोटॉग्रफर’मध्ये दुसऱ्या ठिकाणी, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्या. ‘डेव्हलप’ आपण पहिल्यावर आपटतो, ते खरं ‘डि-व्हे-लप’. फोनवर समोरचा ‘पार्डन, पार्डन’ करतो तो बऱ्याचदा यामुळे.

मी काय करतो? मोबाइलच्या शब्दकोशात स्पीकरचं बटण असतं. शब्द तीनदा ऐकतो, मग आपला आवाज रेकॉर्ड करून शेजारी लावून ऐकतो. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते. चौथ्या दिवशी नाही वाटत.

त्या मुलाखतीनंतर दीड वर्षाने दुसरीकडे गेलो. तिथे ‘डेट’ बरोबर म्हणालो, ‘रिसिप्ट’ मात्र पी लावूनच निघालं. तिथले साहेबही तसंच म्हणत होते. तिथे लागलो.

तुम्हाला कोणत्या शब्दावरून हसले? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात तुमचे शब्द घेऊ.