वनाच्छादनाचे मोजमाप आणि त्यातील बदल

देशातील वने वाढली किंवा घटली, अशी बातमी साधारणपणे दर दोन वर्षांनी येते. तिचा आधार असतो भारतीय वन सर्वेक्षण या देहरादूनच्या संस्थेचा अहवाल. हे अहवाल 1987 पासून निघत आहेत. दोन अहवालांतील आकड्यांची वजाबाकी केली की बदल कळतो, असे आपल्याला वाटते. ही वजाबाकी नेहमी का चालत नाही, ते या पाठात पाहू.

1. व्याख्या

किमान 1 हेक्टर क्षेत्र आणि किमान 10 टक्के छत्रघनता असलेली जमीन म्हणजे वनाच्छादन. वरून पाहिल्यास जमिनीचा जितका भाग झाडांच्या पर्णसंभाराने झाकलेला दिसतो, त्याची टक्केवारी म्हणजे छत्रघनता. ती 10 ते 40 टक्के असल्यास खुले वन, 40 ते 70 टक्के असल्यास मध्यम घन वन आणि त्यापुढे अतिघन वन.

या व्याख्येत जमिनीची मालकी किंवा झाडांची जात पाहिली जात नाही. त्यामुळे गडचिरोलीचे जंगल आणि सिंधुदुर्गातील काजूची बाग दोन्ही वनाच्छादनात येतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना मात्र 0.5 हेक्टर ही मर्यादा धरते आणि फळबागा वगळते. म्हणजे जमीन तीच असली, तरी व्याख्येनुसार उत्तर बदलते.

2. पिक्सेलचा प्रश्न

या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या लिस-3 संवेदकाचा एक पिक्सेल जमिनीवर 23.5 मी × 23.5 मी, म्हणजे सुमारे 552 चौ. मी. भरतो. एक हेक्टरमध्ये असे सुमारे 18 पिक्सेल बसतात.

चंदीगडचे उदाहरण घेऊ. या 114 चौ. किमी प्रदेशातील सलग वन मुख्यतः सुखना अभयारण्यात आहे. सेक्टरांमध्ये झाडे बरीचशी रस्त्याकडेच्या रांगांत आहेत. बसस्थानक आणि जिल्हा न्यायालय असलेल्या सेक्टर 43 मध्ये 400 मी लांब आणि 10 मी रुंद पर्णसंभाराची एक सरळ रांग आहे, असे समजा.

(अ) ही रांग पिक्सेलांच्या एकाच ओळीत बसली, तर 17 पिक्सेल व्यापते. क्षेत्र 0.94 हेक्टर, छत्रघनता सुमारे 43 टक्के. क्षेत्र 1 हेक्टरपेक्षा कमी, म्हणून वनाच्छादन नाही.

(आ) तीच रांग दोन ओळींच्या सीमेवर आली, तर 34 पिक्सेल व्यापते. क्षेत्र 1.88 हेक्टर, छत्रघनता सुमारे 21 टक्के. म्हणजे खुले वन!

हे गणित ढोबळ आहे. प्रत्यक्षात तज्ज्ञ प्रतिमा तपासून दुरुस्त्या करतात. तरी एकही झाड न लावता वर्ग कसा बदलू शकतो, हे यातून दिसते. ऊस आणि घाणेरी यांचे परावर्तनही झाडांसारखे भासू शकते. सागासारखी झाडे उन्हाळ्याकडे निष्पर्ण होतात, म्हणून प्रतिमा शक्यतो ऑक्टोबर ते डिसेंबरमधील घेतात.

3. पद्धत बदलली की आकडा बदलतो

1999 च्या अहवालात देशाचे वनाच्छादन 6,37,293 चौ. किमी होते, 2001 च्या अहवालात ते 6,75,538 चौ. किमी झाले. फरक 38,245 चौ. किमी, म्हणजे जवळजवळ केरळ राज्याएवढा. एवढे जंगल दोन वर्षांत उगवत नाही. आधी 25 हेक्टरपेक्षा लहान वनखंड नकाशात येत नसत. 2001 मध्ये संपूर्ण देशासाठी संगणकीय पद्धत आली आणि ही मर्यादा 1 हेक्टरवर आली. आधी न दिसणारी छोटी वने मोजली गेली, तशीच वनांमधली छोटी मोकळी जागा वजाही झाली.

4. मोठ्या संख्यांमधील लहान फरक

महाराष्ट्राचे वनाच्छादन 2019 च्या अहवालात 50,778 आणि 2021 च्या अहवालात 50,798 चौ. किमी होते. वाढ 20 चौ. किमी, म्हणजे सुमारे 0.04 टक्के. वर्गीकरणात केवळ 1 टक्का क्षेत्र चुकले, तरी ते 500 चौ. किमीहून अधिक होते. काही चुका एकमेकींना छेदतात, हे खरे. पण किती छेदतात हे जमिनीवरील नमुना-बिंदू तपासल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून अशा आकड्याला ‘वाढ’ म्हणण्यापेक्षा ‘लक्षणीय बदल दिसत नाही’ म्हणणे शास्त्रीय ठरते.

5. निव्वळ बदल

एखाद्या जिल्ह्यात 30 चौ. किमी नैसर्गिक जंगल तुटले आणि 30 चौ. किमी नवी बाग वाढली, तर निव्वळ बदल शून्य येतो. पण त्या जंगलातील प्राणी, झरे आणि वनोपजावर जगणारी कुटुंबे यांच्यासाठी तो शून्य नसतो. म्हणून एकूण आकड्याबरोबर कोणत्या वर्गातून किती क्षेत्र कोणत्या वर्गात गेले, हे दाखवणारे बदल-कोष्टक वाचावे.

स्वाध्याय

1. वरील रांग 500 मी लांब असती, तर (अ) मध्ये ती कोणत्या वर्गात आली असती?
2. 2021 च्या अहवालातील प्रतिमा 2019 च्या अखेरच्या आहेत. 2020 मधील वृक्षतोड त्यात दिसेल का? कारण लिहा.